वाचकांचे प्रश्न : एकसारख्या विश्वात पहिली भेग कशी पडली?

मागील अंकातील या सदरात मी एक वाक्य लिहिले होते : ‘आकाशातील सर्व दीर्घिकांचे बीज विश्वाच्या आरंभीच्या क्वांटम चढउतारांत आहे.’ त्या एका वाक्यावर चोपड्यापासून नंदुरबारपर्यंत पत्रे आली. ती वाचताना लक्षात आले की हे वाक्य मी सवयीने लिहून गेलो होतो आणि त्यात मधली एक पायरी गाळली गेली होती. म्हणून या वेळचे सदर त्या गाळलेल्या पायरीसाठी आहे.

आरंभीचे विश्व सर्वत्र सारखे होते असे आपण लिहिता, आणि त्याच विश्वात आज दीर्घिका, तारे आणि त्यांच्यामधील रिकामी जागा आहे असेही लिहिता. नववीच्या मुलांना हे कसे सांगावे?
— एक शिक्षिका, चोपडा

मुलांना आधी मोजलेली गोष्ट सांगावी. आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून आपल्याकडे अतिशय थंड असे सूक्ष्मलहरी प्रारण येत असते. पेंझियास आणि विल्सन यांनी त्याचा शोध 1965 मध्ये जाहीर केला. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचे असताना हे प्रारण मोकळे झाले आणि आज त्याचे तापमान 2.725 केल्विन आहे. सगळीकडे तेवढेच आहे, असे पुष्कळ वर्षे वाटत होते. 1992 मध्ये ‘कोबे’ या उपग्रहाच्या नोंदींवरून कळले की दिशेगणिक त्यात साधारण लाखात एक एवढा फरक आहे. जिथे द्रव्य तेवढे अधिक दाट होते तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी द्रव्य ओढले गेले, आणि पुढच्या 1380 कोटी वर्षांत त्या किंचित दाट जागांच्या दीर्घिका झाल्या. नववीला एवढे पुरे.

‘मग लाखातला तो एक कुठून आला?’ असे एखादी मुलगी विचारेलच. त्याचे प्रचलित उत्तर असे की विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणात अवकाश अतिवेगाने फुगले, निदान 1 वर 26 शून्ये इतक्या पटीने. स्टारोबिन्स्की यांनी 1980 मध्ये आणि ॲलन गूथ यांनी 1981 मध्ये वेगवेगळ्या वाटांनी ही कल्पना मांडली. तिला इन्फ्लेशन म्हणतात. वर्तमानपत्रातील महागाईलाही इंग्रजीत तोच शब्द असल्यामुळे मी येथे ‘स्फीती’ म्हणतो. स्फीतीने आधीच्या सगळ्या सुरकुत्या ताणून सपाट केल्या. उरला तो केवळ क्वांटम क्षेत्राचा, म्हणजे अवकाशात सर्वत्र पसरलेल्या राशीचा, मूळ स्वभाव : त्याचे मूल्य नेमके शून्यावर खिळून राहू शकत नाही ही अनिश्चितता. मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी 1981 मध्ये त्यावरून विश्वातील असमानतेचा हिशोब मांडला. या हिशोबाप्रमाणे लहानमोठ्या सर्व लांबींच्या लहरींची ताकद जवळजवळ सारखी असावी, पण अगदी सारखी नसावी. प्लांक उपग्रहाने ती मोजली. ज्या आकड्यात ‘अगदी सारखी’ म्हणजे 1, तो आकडा 0.965 निघाला. हे यश फार मोठे आहे आणि पुढे मी जे लिहिणार आहे त्याने त्या आकड्याला धक्का लागत नाही.

माझी जमीन काळी आहे. वखर मारून सपाट केलेले रान चैत्र-वैशाखात भेगाळते. माती सगळीकडे सारखी, ऊनही सारखे, तरी भेग इथे पडते आणि तिथे पडत नाही. विश्वातही तसेच झाले असेल. त्यात एवढे कोडे काय?
— एक केळी व कापूस उत्पादक, यावल तालुका

आपल्या पत्राने मला मागच्या वैशाखातील एक दुपार आठवली. तापीकाठच्या एका रानात बांधावर बसून मी अशीच एक भेग नीट पाहिली होती. मनगट सहज आत जाईल एवढी ती रुंद होती. ती सुरू झाली होती उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाटीच्या एका खुंटाशी. तेथून हातभर सरळ जाऊन तिने एका कठीण ढेकळाला वळसा घातला होता, आणि पुढे जिथे मुंग्यांनी माती भुसभुशीत केली होती तिथे तिला फाटा फुटला होता. काळ्या मातीतील चिकणभाग पाणी गेले की आकसतो, सगळ्या रानात ताण निर्माण होतो, आणि तो ताण जिथे माती किंचित कच्ची असेल तिथे मोकळा होतो. म्हणजे रान सारखे नव्हतेच, ते आपल्याला सारखे दिसत होते. भेगेने नवीन असमानता आणली नाही. आधीपासून दडलेली असमानता तिने उघडी केली.

आता स्फीतीच्या वेळचे विश्व घ्या. स्फीतीतील क्षेत्र ज्या अवस्थेत असते असे मानले जाते ती त्या क्षेत्राची निर्वात, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची, अवस्था. बंच आणि डेव्हिस या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचे गणित लिहिले की दिसते की ती सर्व जागी आणि सर्व दिशांना तंतोतंत सारखी आहे. ‘जवळजवळ सारखी’ असे येथे म्हणता येत नाही. तिच्यात न दिसणारा खुंट नाही, ढेकूळ नाही, मुंग्याही नाहीत. असते तर ती ही अवस्थाच राहिली नसती. आणि ती अवस्था पुढे ज्या समीकरणाने बदलत जाते, ते श्रोडिंगरचे समीकरणही कोणत्या जागेची किंवा दिशेची बाजू घेत नाही. सारखेपणाला सारख्याच नियमाने हाकले तर शेवटी सारखेपणाच हाती येतो, मग कितीही काळ जावो आणि विश्व कितीही पटींनी फुगो.

कोडे आहे ते एवढेच. ‘क्वांटम चढउतार’ या शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने वावरतात. एक म्हणजे मोजले तर काय काय निघू शकेल त्या शक्यतांचा पसारा. दुसरी म्हणजे प्रत्यक्षात इथे दाट आणि तिथे विरळ असणे. पहिली निर्वातात आहे, दुसरी नाही. पाठ्यपुस्तके पहिलीचा हिशोब करतात आणि एका ओळीनंतर दुसरीबद्दल बोलू लागतात. मागच्या अंकात मीही तेच केले. मेक्सिकोतील दानिएल सुदार्स्की यांनी पेरेझ आणि साल्मन यांच्यासह 2006 मध्ये या उडीवर बोट ठेवले, तेव्हापासून ती झाकून ठेवणे अवघड झाले आहे.

क्षेत्राच्या मूल्याची सरासरी शून्य आहे, पण त्या मूल्याच्या वर्गाची सरासरी शून्य नाही. ती वर्ग-सरासरी निरीक्षणाशी जुळते. गणिताच्या दृष्टीने याहून अधिक काय हवे? (पाटणादेवीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने गणिताची बाजू घेतली तर राग मानू नये.)
— गणिताचे एक शिक्षक, चाळीसगाव तालुका

राग कसला? भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख ज्या गावात आहे, तेथून गणिताची बाजू घेतली जाणे योग्यच आहे.

आपल्या म्हणण्यातील ‘सरासरी’ हा शब्द मात्र तपासून पाहू. खानदेशात आखाजीला घरोघरी पत्त्यांचे डाव पडतात. तेच उदाहरण घेतो. जोड पिसून पाटावर पालथा ठेवला आहे. वरचे पान कोणते हे कोणालाच माहीत नाही, तरी ते राजा असण्याची शक्यता 52 त 4 आहे हे सर्वांना माहीत आहे. येथे शक्यता आपल्या अज्ञानाची आहे. पान आहेच, फक्त ते पालथे आहे. शेकडो डावांची सरासरी आणि शक्यतेचा हिशोब जुळला तर नवल नाही, कारण प्रत्येक डावात काहीतरी ठरावीक पान खरोखर वर होते.

क्वांटम अवस्थेबाबत प्रचलित सिद्धांताचे म्हणणे वेगळे आहे. तो म्हणतो की अवस्थेचे वर्णन पूर्ण आहे आणि त्यात वरचे पान अमुक असे अजून ठरलेलेच नाही. तेव्हा वर्ग-सरासरी ही ‘पाने उलटली असती तर’ या जातीची संख्या आहे. ती आकाशातील आकड्याशी जुळते याचा अर्थ पाने उलटली गेली आहेत, एवढेच आपण जाणतो. ती केव्हा आणि कशाने उलटली, हे त्या संख्येत लिहिलेले नाही. शिवाय आपल्याकडे विश्व एकच आहे, शेकडो डाव नाहीत. आकाशाच्या निरनिराळ्या भागांवर घेतलेली सरासरी आणि कल्पनेतील अनेक विश्वांवर घेतलेली सरासरी एकच मानायची असेल, तर निदान आपल्या या एका आकाशात तरी ठरावीक पाने पडलेली असली पाहिजेत. गणित बरोबर आहे. त्याच्या दोन ओळींमध्ये जे घडायला हवे ते गणिताबाहेरचे आहे.

डीकोहेरन्सने हा प्रश्न सुटतो असे आम्हाला शिकवले गेले. स्फीतीत अवस्था अतिशय ‘पिळली’ जाते आणि अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व, भौतिकीसारखी वागू लागते. मग कोलॅप्सची, म्हणजे अनेक शक्यतांतून एकच खरी ठरण्याच्या घटनेची, गरज काय?
— एम.एस्सी.चा विद्यार्थी, धुळे

आपल्याला शिकवले ते खोटे नाही. ग्रिशुक आणि सिदोरोव्ह यांनी 1990 मध्ये, आणि पोलार्स्की व स्टारोबिन्स्की यांनी 1996 मध्ये दाखवले की स्फीतीनंतर या लहरींची अवस्था एका दिशेने इतकी ताणली व दुसरीकडे इतकी आकसली जाते की तिच्यातील शक्यता साध्या अभिजात शक्यतांप्रमाणे हाताळता येतात. त्यात आजूबाजूच्या इतर क्षेत्रांशी झालेली गुंतागुंत मिळवली की निरनिराळ्या शक्यतांमधील व्यतिकरण (त्यांचे एकमेकींत मिसळून परिणाम करणे) पुसले जाते. यालाच डीकोहेरन्स म्हणतात.

पण वरचे पत्त्यांचे उदाहरण पुन्हा वाचा. डीकोहेरन्सने एवढे सिद्ध होते की न ठरलेल्या पानांचा हिशोब पालथ्या पानांच्या हिशोबासारखा दिसू लागतो. दिसू लागणे आणि असणे यांत अंतर आहे. 52 शक्यता शेवटपर्यंत 52 च राहतात, एकही गळत नाही, आणि सगळ्या मिळून झालेली अवस्था पूर्वीइतकीच सममित असते. ‘सर्व शक्यता खऱ्या, आपण त्यांपैकी एका फांदीवर आहोत’ असे मानायची तयारी असेल तर डीकोहेरन्स पुरते. ती अनेक-विश्वांची भूमिका आहे, सुसंगत आहे आणि बरेच चांगले भौतिकशास्त्रज्ञ ती घेतात. माझी तक्रार तिच्याविरुद्ध नाही. ही भूमिका न घेताही डीकोहेरन्सने सारे सुटले असे म्हणणाऱ्यांविरुद्ध आहे; ते किंमत न देता माल घरी नेऊ पाहतात.

मी रेल्वेत चाळीस वर्षे काढली. सांधेवाल्याने सांधा फिरवल्याशिवाय गाडी रूळ बदलत नाही. क्वांटममध्ये मोजमाप झाले की शक्यतांतून एक ठरते असे वाचले. त्या वेळी सांधा फिरवणारा कोण होता?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

असाच प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी उपहासाने विचारला होता : विश्वाचे तरंगफलन (क्वांटम अवस्थेचे गणिती वर्णन) पहिला एकपेशीय जीव येईपर्यंत ताटकळत राहिले होते, की कोणी पीएच.डी. झालेला येईपर्यंत? प्रयोगशाळेत मोजणारा असतो, म्हणून ‘मोजमाप’ हा शब्द निभावून जातो. स्फीतीच्या काळात उपकरण नव्हते, मोजणारा नव्हता. उलट मोजणारे ज्या असमानतेतून पुढे निपजले, तीच अजून घडायची होती.

कोलॅप्सच्या सिद्धांतांचे उत्तर असे की सांधेवाला नकोच, सांधा आपोआप पडतो. घिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी 1986 मध्ये श्रोडिंगरच्या समीकरणातच बदल सुचवला. प्रत्येक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनचे तरंगफलन अधूनमधून, कोणत्याही कारणाविना, सुमारे एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या जागेत आकसते. हे किती वेळा होते? एका कणाच्या बाबतीत साधारण 30 कोटी वर्षांतून एकदा. म्हणून एकट्या कणावर केलेले प्रयोग जुन्या समीकरणाशी जुळत राहतात.

आता सरकीचा एक दाणा तळहातावर घ्या. त्याचे वजन साधारण एक दशांश ग्रॅम असते आणि त्यात असे कण 6 वर 22 शून्ये इतके असतात. तेव्हा त्या दाण्यात दर सेकंदाला सुमारे 60 लाख वेळा कोणता ना कोणता कण जागेवर आकसतो, आणि बाकीचे त्याच्याशी जखडलेले असल्यामुळे सगळा दाणाच एका जागी ठरतो. सरकी एकाच वेळी दोन ठिकाणी का दिसत नाही याचे हे उत्तर आहे, आणि त्यात पाहणाऱ्याचा उल्लेख कुठेही नाही. पुढे फिलिप पर्ल यांनी 1989 मध्ये याचे अखंड रूप तयार केले, ज्यात झटक्याऐवजी सततचा बारीक यादृच्छिक हादरा असतो. सममिती मोडते ती या हादऱ्याने : इथे असा, तिथे तसा, आणि त्यामागे दडलेले ढेकूळ नाही. यावलच्या वाचकांनी हे वाक्य विशेष पाहावे. निसर्गात मूळचा यादृच्छिकपणा आहे असे येथे उघडपणे मान्य केले आहे, आणि तो केव्हा व किती जोराने काम करतो याचे सूत्र दिले आहे.

हे सगळे तर्काला धरून असेलही. पण आकाशात पाहून यातले काही तपासता येते का, की हा केवळ तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट आहे?
— एक वाचक, अमळनेर

तपासता येते; एरवी मी या विषयावर एवढी पाने खर्च केली नसती.

स्फीतीच्या वेळी प्रोटॉनही नव्हते आणि न्यूट्रॉनही. त्यामुळे कोलॅप्सचे सूत्र तेथे लावायचे तर आकसते ते नेमके काय, आणि जोर कशावर अवलंबून आहे, हे नव्याने ठरवावे लागते. सुदार्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक लहरीचा कोलॅप्स स्वतंत्र मानला. त्यांना असे आढळले की निरीक्षणाशी जुळणारी जवळजवळ सपाट ताकद हवी असेल, तर प्रत्येक लहरीचा कोलॅप्स तिची ताणलेली लांबी त्या वेळच्या क्षितिजाच्या (जिथवर एकमेकांवर परिणाम होऊ शकतो त्या मर्यादेच्या) ठरावीक प्रमाणात पोचली की व्हायला हवा. म्हणजे लांब लहरीचा आधी, आखूड लहरीचा नंतर. कोलॅप्स वाटेल तेव्हा झाला असता तर आकाशातील नकाशा निराळा दिसला असता.

2012 मध्ये मार्टिन, व्हेनिन आणि पीटर यांनी पर्लच्या पद्धतीचा सर्वांत सरळ अवतार स्फीतीला लावून पाहिला. निष्कर्ष अडचणीचा निघाला : कोलॅप्सचा जोर पुरेसा धरला तर लहरींची ताकद निरीक्षणाशी जुळत नाही, आणि जुळेल इतका कमी धरला तर कोलॅप्स नीट होतच नाही. पुढच्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टी. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट सुचवली. लहर जसजशी ताणली जाते तसतसा कोलॅप्सचा जोर वाढतो असे मानले, तर दोन्ही गोष्टी साधतात. हे सोयीसाठी केले, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे; पण मोठ्या वस्तूंवर कोलॅप्सचा जोर अधिक ही या सिद्धांतांची मूळ कल्पनाच आहे, तेव्हा त्यांनी परके ठिगळ लावले असे मी म्हणणार नाही.

2020 मध्ये मार्टिन आणि व्हेनिन यांनी पुन्हा हिशोब करून म्हटले की आकाशातील प्रारणाच्या मोजणीवरून पर्लच्या पद्धतीची बरीचशी वाट बंद होते. त्यावर लगेच आक्षेप आले. पर्ल आणि सुदार्स्की हे आक्षेप घेणाऱ्यांत होते. इटलीतील बासी यांच्या गटानेही वेगळा हिशोब मांडला. वाद हाच की आकसणारी राशी कोणती निवडायची. ती निवड बदलली की निकाल बदलतो. हा वाद मिटलेला नाही.

दुसरी कसोटी गुरुत्वीय लहरींची आहे. स्फीतीने अवकाशाच्याच लहरी निर्माण केल्या असतील तर त्यांची खूण प्रारणाच्या ध्रुवणात, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशेत, सापडावी. 2014 मध्ये ती सापडल्याची घोषणा झाली होती, पण पुढे आपल्याच आकाशगंगेतील धुळीने घोटाळा केला असे कळले. 2021 च्या मोजणीनुसार घनतेच्या लहरींच्या तुलनेत त्यांचे प्रमाण 0.036 पेक्षा कमी आहे. सुदार्स्की यांच्या मांडणीत गुरुत्व अभिजातच राहते, त्यामुळे या लहरी प्रचलित हिशोबापेक्षा कितीतरी क्षीण निघतात. उद्या त्या स्पष्ट सापडल्या तर ती मांडणी गोत्यात येईल. न सापडल्याने ती सिद्ध होणार नाही, कारण स्फीतीच्या साध्या गणितातही क्षीण लहरी देणारे प्रकार आहेत.

आणि जमिनीवरही काम चालू आहे. पर्वताखाली खोल असलेल्या इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत कोलॅप्सच्या हादऱ्यामुळे निघावे असे क्ष-किरण शोधले गेले. ते अपेक्षेइतके न सापडल्यामुळे गुरुत्वाला कोलॅप्सचे कारण मानणाऱ्या दियोसी-पेनरोज कल्पनेचा सर्वांत साधा प्रकार 2020 मध्ये बाद झाला. ज्या सिद्धांतातील एक प्रकार प्रयोगाने बाद होतो त्याला काथ्याकूट म्हणवत नाही. मला स्वतःला पर्लचे समीकरण शेवटचा शब्द वाटत नाही, पण गाळलेली पायरी त्याने लिहून दाखवली आणि चुकण्याची तयारी ठेवली, म्हणून मी ते गंभीरपणे घेतो.

हे मुळातून समजून घ्यायचे तर कोणते गणित आधी यावे लागते? मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे.
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

आपल्या वहीत सरल आवर्ती दोलकाचे क्वांटम उत्तर असेल. तेच काढा. स्फीतीतील प्रत्येक लहर हा असाच एक दोलक आहे. फरक इतकाच की अवकाश ताणले जात असल्याने त्याची वारंवारता काळानुसार बदलते. दोलकाच्या भूमिअवस्थेचा तो घंटेसारखा आलेख काढा आणि वारंवारता हळूहळू कमी केली तर त्याची रुंदी कशी वाढते ते पाहा. मग झटकन कमी करून पाहा. दोन्ही वेळा घंटा पसरेल, पण तिचा मध्य शून्यावरून तसूभरही हलणार नाही. तो हलवण्यासाठी समीकरणात काय घालावे लागेल ते समासात लिहून मला पाठवा.